पहिल्या ओळीचं गणित

डिसेंबर उजाडला की अकोले तालुक्यात दोन प्रकारची वाहतूक सुरू होते. रस्त्यावरून अगस्ती कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या जाऊ लागतात आणि शाळाशाळांच्या खिडक्यांतून गाण्यांचे तुकडे बाहेर पडू लागतात. तुकडेच, कारण गॅदरिंगच्या तालमीत कुठलंही गाणं पुरतं वाजत नाही. ‘थांबा, थांबा, पुन्हा पहिल्यापासून’ हेच त्याचं ध्रुपद. शाळेजवळ राहणाऱ्यांना त्या महिन्यात दहा गाण्यांच्या पहिल्या दोन ओळी पाठ होतात. तिसरी कुणालाच येत नाही.

याच दिवसांत प्रत्येक शाळेत एक माणूस नृत्यदिग्दर्शक होतो. आपणहून होत नाही. मुंबई-पुण्याच्या शाळा कोरिओग्राफर बोलावतात आणि त्याचे पैसे फीच्या पावतीत कुठेतरी बसवून टाकतात. आमच्याकडे मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये येतात, त्याबरोबर सगळ्यांना एकदम वह्या तपासायची हुक्की येते, आणि ज्याची मान सगळ्यात शेवटी खाली जाते त्याच्या गळ्यात सांस्कृतिक विभाग पडतो. मी गणिताचा शिक्षक. लग्नाच्या वरातीतही मी बॅटरी धरून कडेनं चालणाऱ्यांतला. पण मुख्याध्यापकांचा युक्तिवाद बिनतोड होता. “सर, नाच म्हणजे शेवटी आठपर्यंत मोजायचं असतं. तुम्ही तर त्याच्यापुढंही मोजता.”

समूह लहान असला की नाच बसवायला सोपा, असा एक समज आहे. तो नाच न बसवलेल्यांनी पसरवलेला असावा. मैदानावर दोनशे मुलं लेझीम घेऊन उभी करा. त्यातली पाच चुकली तरी लांबून सगळं डौलदारच दिसतं. सहा मुलींच्या नाचात मात्र एक चुकली की जवळजवळ सतरा टक्के नाच चुकतो. आणि चुकणारी कोण, हे तिची मावशीसुद्धा तिसऱ्या रांगेतून बोट दाखवून सांगू शकते.

संख्येचेही स्वभाव असतात. चौघींचा चौकोन होतो, पण चौकोनात फारसं काही घडत नाही. पाचव्या मुलीमुळे मध्य मिळतो आणि मध्याबरोबर भांडण मिळतं. सहाजणी समजूतदार: दोन ओळी करा, दोन त्रिकोण करा, तीन जोड्या करा, तक्रार नाही. सात ही नाचातली सगळ्यात देखणी संख्या. एक पुढे, तिच्या दोन्ही अंगांना तिरप्या तीन-तीन, नेम धरलेल्या बाणासारखी आकृती. अडचण एवढीच, की बाणाला टोक एक आणि आया सात. नऊजणींना तीन-तीनच्या तीन रांगांत उभं करावं, तर मधली मुलगी कुठल्याच बाजूनं दिसत नाही. अशी एक मुलगी एकदा तालमीच्या मध्यावर शांतपणे खाली बसली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मागच्या ओळीनं पुढच्या दोघींच्या मधल्या फटीत उभं राहायचं, याला नाचवाले ‘विंडो’ म्हणतात. हे एक सोडलं तर बाकीचं शास्त्र मला पालकांनीच शिकवलं. डॉरिस हम्फ्री या अमेरिकन नृत्यांगनेनं नाच रचण्यावर एक पुस्तक लिहिलं आहे. ते तिच्या मृत्यूनंतर, 1959 साली निघालं. रंगमंचावर सगळ्यात ताकदीची जागा मधली, असं ती त्यात बरंच काही मांडून पटवून देते. आमच्याकडच्या एकाही आईनं हम्फ्रीबाई वाचलेल्या नाहीत, पण मधल्या जागेच्या ताकदीबद्दल कुणालाही शंका नाही. डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी केली की नाच निर्जीव होतो, असंही त्या बाईंचं मत. हे मत अकोल्यात चालणार नाही. डावीकडे तीन मुली आणि उजवीकडे दोन, असं एकदा करून बघा. उजवीकडच्या दोघींचे चुलते दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला हजर असतात.

उंच मुलीचा प्रश्न आणखी नाजूक. तिला मागे उभं करणं भागच असतं. तिची आई विचारायला आली तेव्हा मी भूगोलाचा आधार घेतला. म्हणालो, “ताई, आपली कळसूबाई बघा. 1646 मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. पार मागच्या ओळीत उभी आहे, तरी कुणाला दिसायची राहते का?”

“सर,” त्या म्हणाल्या, “कळसूबाईची आई तुमच्याकडं विचारायला येत नाय.”

मुलगी दुसऱ्या दिवशी पुढच्या ओळीत आली. तिच्या मागे काय चाललं आहे, हे त्यानंतर कुणालाच कळलं नाही.

मुलग्यांचे प्रश्न निराळे. त्यांना पुढे यायचंच नसतं. सहावीनंतर ते मुलींचा हात धरायला तयार नसतात. फार आग्रह केला तर मध्ये रुमाल धरतात, आणि रुमालाचं टोकसुद्धा दोन बोटांत, उंदीर शेपटीनं उचलावा तसं. गाणं विचारलं तर एकमुखानं उत्तर येतं: झिंगाट. ‘सैराट’ आला 2016 साली. आज सातवीत असलेली मुलं तेव्हा अगदीच लहान होती. तरी ते गाणं लागलं की त्यांना कुणी काही शिकवावं लागत नाही, आणि शिकवलेलं काही उरतही नाही.

मुलींचं गाणं लावणीचं. 2010 साली ‘नटरंग’ आला, त्यातली ‘अप्सरा आली’ फुलवा खामकर यांनी बसवलेली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गॅदरिंगांत अप्सरा येतेच आहे, जायचं नाव नाही. सिनेमात हिशोब सरळ असतो. अप्सरा एक, बाकीच्या तिच्या मागे, आणि मागच्यांना मागे उभं राहण्याचे पैसे मिळतात. शाळेत सगळ्याच अप्सरा. स्वर्गातही एवढ्या एका वेळी ड्यूटीवर नसतील.

पण अकोल्याच्या गॅदरिंगचं खरं वैभव कोळीगीत. आमचा तालुका डोंगरातला. पश्चिमेची बहुतेक गावं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. या कोळ्यांचा आणि समुद्राचा संबंध एवढाच, की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं. त्यांच्या घरात जाळं नाही, वल्हं नाही. भात आहे, नागली आहे, वरई आहे. राघोजी भांगरे त्यांचा. देवगावचा हा वीर इंग्रजांशी लढला आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. अशा घरची पोरं दर वर्षी डोक्याला कोळ्याची तिकोनी टोपी आणि कमरेला रुमाल बांधून स्टेजवर येतात आणि पुठ्ठ्याच्या वल्ह्यांनी हवा कापतात. भरतीची लाट कशी येते, हे मी त्यांना भंडारदऱ्याचं धरण डोळ्यांपुढे आणायला सांगून समजावलं. एका मुलानं हात वर केला. “सर, धरणाला लाटा नाय, गेट असतं.” पुढे आमच्या कोळीगीतात मधल्या म्युझिकला एक गेट उघडायची स्टेप आली आणि तिला टाळ्या पडल्या.

आता ‘आदिवासी नृत्य’. इथे मात्र हसता हसता माझं डोकं फिरतं. हा नाच मोबाइलवरचा व्हिडिओ बघून बसवायची पद्धत आहे. त्यासाठी ड्रेपरीवाल्याकडून प्लास्टिकच्या पानांचे घागरे येतात, डोक्याला पिसं येतात, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि तोंडाला काळा रंग फासून मुलं काहीतरी हुर्र-हुर्र ओरडत जाळाभोवती उड्या मारतात. जाळ म्हणजे लाल कागदाखाली लावलेला बल्ब. हे सगळं करणाऱ्या मुलांपैकी निम्मी खरोखरची आदिवासी असतात. त्यांच्या घरात कुणी असं पानं लावून हिंडलेलं त्यांनी पाहिलेलं नाही. बाप ग्रामसेवक किंवा मास्तर, काका एसटीत, आजोबा धोतर-टोपीत. त्यांनाही रांगेत बसून हा कार्यक्रम बघावा लागतो आणि शेवटी टाळ्या वाजवाव्या लागतात, कारण पोरगं आपलं आहे. हीच पोरं 9 ऑगस्टला, आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, ढोलाच्या ठेक्यावर तास न् तास नाचतात तेव्हा तो नाच त्यांना कुणी बसवून दिलेला नसतो. ठाकरांचा कांबड नाच याच भागातला. तो सोडून आम्ही भाले भाड्यानं आणतो, हे कुठल्या हिशोबात बसतं, मला अजून कळलेलं नाही.

तर एका वर्षी मी प्लास्टिकची पानं नाकारली आणि सहावी-सातवीच्या आठ मुलींना गौरीच्या फेराचा नाच द्यायचं ठरवलं. नाच त्यांनाच येत होता. मला फक्त तो स्टेजवर मांडायचा होता. मी खडूनं फरशीवर खुणा केल्या, दोन ओळी आखल्या आणि सगळ्यांची तोंडं प्रेक्षकांकडे केली. राजूरकडच्या एका वाडीवरच्या आजी नातीला न्यायला आल्या होत्या. भिंतीला टेकून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“गुरुजी, या पोरी कुणाकडं तोंड करून नाचत्यात?”

“प्रेक्षकांकडं, आजी.”

“आन् एकमेकींकडं कोण बघायचं?”

मी म्हणालो, स्टेजवर तसंच असतं. आजींनी स्टेजकडे, म्हणजे बाकं जोडून केलेल्या त्या ओट्याकडे, एकदा बघितलं. “मंग कसं कळायचं, कोण दमली?” असं म्हणून त्या नातीचं दप्तर उचलून चालू लागल्या.

दहावीला मी वर्तुळ शिकवतो. परिघावरचा प्रत्येक बिंदू मध्यापासून सारख्याच अंतरावर असतो, हे फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघाही मारतो. पण वर्तुळाला पहिली ओळ नसते, हे काही माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. फेरात पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, टोकाला कोणी नाही. उंच मुलगी कुठेही चालते. एखादी दमली तर निघून जाते, बाकीच्या हात लांबवून जागा भरून काढतात; एखादी आली तर हात सुटतात आणि ती मावते. आठाच्या नऊ झाल्या तरी आकृती मोडत नाही. समूह लहान की मोठा, हा प्रश्नच तिथे येत नाही. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांना कुणी कोरिओग्राफर म्हटलं नाही, आणि बहुधा त्यांच्याकडे कुठल्या मुलीची आई तक्रार घेऊनही गेली नसेल, कारण आईसुद्धा फेरातच असायची.

पालघरकडे वारल्यांचा तारपा नाच असाच. वाजवणारा मध्ये आणि नाचणारे त्याच्याभोवती, एकमेकांना धरून. त्यांचा एक नियम आहे, तारप्याकडे पाठ करायची नाही. संपूर्ण दिग्दर्शन या एका वाक्यात आटोपतं. वारली चित्रांतही तो नाच तसाच वळत गेलेला दिसतो. आणि आपल्याकडच्या बोहाड्यात तर ओळीचा प्रश्न मुळातूनच मिटवलेला. मुखवटा चढवलेलं सोंग येतं, संबळाच्या तालावर नाचतं, आपलं दर्शन देतं आणि जातं, मग पुढचं. अनेक गावांत कुठलं सोंग कुठल्या घराकडे हे पूर्वीपासून ठरलेलं. शिवाय मुखवट्याआड पोरगा कोणाचा, हे लांबून कळत नाही. शाळेत हे लागू करता आलं तर शिक्षकांचं आयुष्य वाढेल.

फेर तोडून त्याच्या ओळी केल्या त्या स्टेजनं. त्यात सगळाच दोष आहे असं मी म्हणणार नाही. शाहीर साबळे यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’त गावोगावचे नाच रंगमंचावर आणले नसते तर शहरातल्या कित्येकांना ते दिसलेच नसते. पण ती पट्टीच्या कलावंतांची फौज होती, आणि त्यांच्या आया विंगेत उभ्या नव्हत्या.

आजींच्या प्रश्नानंतर मी खडूच्या ओळी पुसल्या आणि वर्तुळ काढलं. लगेच नवा पेच. वर्तुळाला पहिली ओळ नसली तरी प्रेक्षक एकाच बाजूला. चौघींची तोंडं दिसणार आणि चौघींच्या पाठी. एका पालकांनी तालमीत फोटो काढून मला दाखवला. “सर, यात आमची कोणती?” मला सांगता येईना. वेणीवरून त्यांनाही सांगता येईना. शेवटी गणित कामाला आलं. वर्तुळ फिरत ठेवायचं. चार मात्रांत एक घर पुढे सरकायचं. आठ मुली, बत्तीस मात्रांत एक फेरी. प्रत्येकीला नेमक्या चार मात्रा अगदी समोर. स्टाफरूममध्ये हा तोडगा मी फळ्यावर मांडला तेव्हा माझ्या कारकिर्दीत पहिल्यांदा कुणीतरी गणिताला टाळ्या वाजवल्या. पालकांनी मात्र मोबाइलच्या घड्याळावर चार मात्रा मोजून घेतल्या. एका काकांचं म्हणणं, त्यांच्या पुतणीची तिसरी मात्रा आखूड आहे.

हजेरीचा प्रश्न वर्तुळानंही सुटत नाही. डिसेंबर म्हणजे कांद्याच्या लागणीचे दिवस. आज आठ मुली आल्या तर उद्या पाच. उरलेल्या तिघी वाफ्यात. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाची शेळी व्यायली. पहिली गाडी चुकली म्हणून एखादी अर्ध्या तालमीत धापा टाकत येते. अशा वेळी मला न्यूयॉर्कचा जॉर्ज बॅलनशीन आठवतो. रशियातून गेलेला हा मोठा नृत्यदिग्दर्शक. 1934 साली त्यानं तिथे नवी शाळा काढली आणि विद्यार्थिनींना घेऊन नाच बसवायला सुरुवात केली. पहिल्या संध्याकाळी सतरा मुली आल्या, त्यानं सतराजणींची रचना केली. पुढच्या वेळी नऊ आल्या, त्यानं नऊजणींचा भाग केला. मग सहाच आल्या, तर सहांचा. एक मुलगी उशिरा आली, तिचं उशिरा येणं नाचात घेतलं. एक पडली, तिचं पडणंही घेतलं. तो ‘सेरेनेड’ नाच आज जगभरच्या मोठमोठ्या बॅले कंपन्या करतात आणि लोक महागडी तिकिटं काढून ते पडणं बघतात. हे वाचल्यापासून मी हजेरीपटाला घाबरायचं सोडलं. फरक इतकाच, की न्यूयॉर्कमध्ये ती मुलगी कुणाची, हे विचारायला कुणी येत नसावं.

बॅलनशीनचा मला आणखी एकदा उपयोग झाला. गॅदरिंगच्या संध्याकाळी कोळीगीताच्या सहाजणींसाठी ड्रेपरीच्या गाठोड्यातून पाच लुगडी निघाली आणि सहावा निघाला मावळ्याचा अंगरखा, तलवारीसकट. फोन केला तर दुकानदार म्हणाला, चुकून पोवाड्यात गेलं असेल. त्या वेळी तालुक्यात कुठेतरी पोवाडा म्हणायला एक मावळा लुगडं नेसून उभा असणार. आमची सहावी रडायला लागली. मी तिला अंगरखा घातला, नाचात घेतली आणि निवेदकाला सांगितलं, मराठा आरमार म्हण. कान्होजी आंग्र्यांच्या नावानं टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी भाषणात या ‘ऐतिहासिक दृष्टी’चा मुद्दाम उल्लेख केला.

हे सगळं शिकल्यावरही एका गोष्टीचा हेवा वाटायचा राहत नाही. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याच्या रानात काजवे येतात. हिरड्या-बेहड्याची, सादड्याची अख्खी झाडं एकदम उजळतात, एकदम विझतात. हजारोंचा समूह, खडूच्या खुणा नाहीत, शिट्टी नाही, पेनड्राइव्ह नाही. मुंबई-पुण्याहून गाड्या भरभरून लोक ते बघायला येतात आणि घाटात ट्रॅफिक जाम करतात. त्या ट्रॅफिकमध्ये अडकून मी एकदा हा तालमीविना बसलेला नाच बराच वेळ बघितला आहे. नर काजवे माद्यांचं लक्ष वेधायला चमकतात म्हणे. म्हणजे तिथेही प्रत्येकाला पुढेच यायचं आहे. फक्त आया सोबत नाहीत.

फेराचा नाच झाला तो बरा झाला. आठऐवजी सातच मुली आल्या, आठवी आत्याच्या लग्नाला गेली होती. सातजणींनी हात लांबवले आणि फेर पुरा केला. माझं बत्तीस मात्रांचं गणित त्याबरोबर अठ्ठावीसवर आलं, पण मोजायला कुणाला सवड नव्हती, कारण समोरच्या अंधारात दीडशे मोबाइल उभे होते. आणि इथेच तुम्हा पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मोबाइल उभा धरला की चौकटीत एकच मूल मावतं. तुम्ही त्याच्यामागे कॅमेरा फिरवत राहता, पुढच्यांच्या डोक्यांवरून वाकता, मागच्यांच्या शिव्या खाता. घरी जाऊन बघता तर एक मुलगी हवेत कुणाचा तरी हात धरून गोल फिरते आहे आणि तो हात कुणाचा, हे दिसतच नाही. यंदा गॅदरिंगला याल तेव्हा तेवढा मोबाइल आडवा धरा. सगळ्याजणी येतात.